८६६ मेगाहर्ट्झचा ब्रँचलाइन कपलर ३० मिमीत बसवला, पण केंद्र ८१० वर उतरलं

अहिल्या_आरएफ (इंदूर)

नमस्कार मंडळी. ३ डीबी, ९० अंशाचा ब्रँचलाइन कपलर (चार भुजांचा चौकोन, इनपुटची पॉवर दोन आउटपुटमध्ये निम्मी-निम्मी वाटतो) हवाय. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आरएफआयडी (रेडिओने टॅग वाचणाऱ्या) रीडरचा पॅच, म्हणजे चपटा, अँटेना आहे, दोन फीडचा (पॉवर दोन ठिकाणी द्यायची). वर्तुळाकार पोलरायझेशनसाठी दोन्ही फीडना सारखी पॉवर आणि ९० अंशांचा फरक लागतो. फास्टॅगही याच पट्ट्यात वाचला जातो, तेव्हा बँड ओळखीचा असेलच.

बोर्डाची शीट एफआर-४ (काचेचं कापड आणि इपॉक्सी राळ), १.६ मिमी, डायइलेक्ट्रिक स्थिरांक (लाइनची विद्युत लांबी आणि इम्पीडन्स यावर ठरतो) ४.४ धरला. ८६६ ला नेहमीचा पाव-तरंग कपलर असा येतो: ५० ओहमच्या भुजा ३.०५ मिमी रुंद, ४७.४ मिमी लांब, ३५.३५ ओहमच्या भुजा ५.२ मिमी रुंद, ४६.४ मिमी लांब. पोर्टच्या लाइनी धरून ६० मिमीचा चौकोन होतो. डबीत जागा आहे ३० बाय ३० मिमी.

म्हणून लाइन आखूड करून दोन्ही टोकांना ग्राउंडकडे कपॅसिटर लावायची पद्धत घेतली. लाइनची विद्युत लांबी ९० (पाव तरंगलांबी) ऐवजी थीटा अंश ठेवायची. नवा इम्पीडन्स म्हणजे जुना भागिले साइन थीटा. टोकाचा कपॅसिटर म्हणजे कॉस थीटा भागिले (ओमेगा गुणिले जुना इम्पीडन्स), ओमेगा म्हणजे २ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी. थीटा ४५ अंश घेतला:

५० ची भुजा झाली ७०.७ ओहम, १.६ मिमी रुंद, २४.३ मिमी लांब, टोकाला २.६० पिकोफॅरड.
३५.३५ ची भुजा झाली ५० ओहम, ३.०५ मिमी रुंद, २३.७ मिमी लांब, टोकाला ३.६८ पिकोफॅरड.

प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही भुजांची टोकं एकत्र येतात, म्हणून बेरीज ६.२८. बाजारात ६.२ मिळतो, तोच लावला. ०६०३ साइझ (१.६ बाय ०.८ मिमी), सीओजी (किंमत स्थिर राहणारा प्रकार). व्हाया (वरून खालच्या ग्राउंडपर्यंतची जोडणी) म्हणजे ०.५ मिमीची तार, पॅडच्या काठाला लागून, दोन्ही बाजूंनी सोल्डर.

मोजमापात रिटर्न लॉसचा (इनपुटवरून परत येणारी पॉवर किती डीबी कमी, जास्त तेवढा चांगला) खड्डा ८१० मेगाहर्ट्झला. तिथे १९ डीबी, विभागणी ३.४ आणि ३.८ डीबी. ८६६ ला मात्र रिटर्न लॉस जेमतेम १३ आणि दोन आउटपुटमध्ये १ डीबीपेक्षा जास्त फरक. क्यूक्स-एस या सर्किट सिम्युलेटरमध्ये आदर्श कपॅसिटर टाकून केंद्र बरोबर ८६६ दिसतं.

संशय एफआर-४ वर आहे. लोकल शीटचा स्थिरांक ४.४ नसणार. की अजून काही?

---

पोहे_जिरावण

शीटवर खापर फोडण्याआधी ती एफआर-४ आहे का ते बघा. जेल रोडवर (इंदूरचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) 'ग्लास इपॉक्सी' मागितलं तरी कधीकधी कागदी फिनॉलिक हातात येतं. तपकिरी आणि अपारदर्शक असेल तर परत करा. एक कोपरा एचिंग करून तांबं उतरवा आणि उजेडासमोर धरा. काचेच्या कापडाची वीण जाळीसारखी दिसली पाहिजे. आणि व्हर्नियर लावा, १.६ च्या नावाखाली १.५ सर्रास मिळते.

---

जुना_वेव्हगाइड

आधी दिशा बघा. केंद्र खाली गेलंय. शीटला दोषी धरायचं तर तिचा स्थिरांक ४.४ पेक्षा बराच जास्त हवा. स्वस्त शीटमध्ये राळ जास्त, काच कमी. राळेचा स्थिरांक काचेपेक्षा कमी असतो, त्यामुळे अशी शीट बहुधा ४.२ च्या बाजूला झुकते. म्हणजे केंद्र वर जायला हवं होतं.

दुसरं, तुमच्या सर्किटला शीटची फारशी पर्वाच नाही. ४५ अंशाच्या रचनेत स्थिरांक कमी झाला की लाइन विद्युतदृष्ट्या आखूड होते, पण त्याच वेळी तिचा इम्पीडन्स वाढतो. एक केंद्राला वर ढकलतं, दुसरं खाली ओढतं. साध्या पाव-तरंग कपलरमध्ये स्थिरांक ४.४ चा ४.२५ झाला तर केंद्र सुमारे १४ मेगाहर्ट्झ सरकेल. तुमच्या कपलरमध्ये तीन-चार.

याउलट कपॅसिटर १ टक्क्याने चुकला की केंद्र सुमारे ०.४ टक्का हलतं, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झ. आकार लहान करताना चुकीची जबाबदारी तुम्ही शीटवरून काढून कपॅसिटरवर टाकली आहे. शोध तिथेच घ्या.

---

राजवाडा_५०ओहम

जुना_वेव्हगाइड काकांचं बरोबर. ५६ मेगाहर्ट्झ म्हणजे साडेसहा टक्के. त्यासाठी कपॅसिटर १७-१८ टक्के मोठा 'दिसायला' हवा. आता हिशोब करू.

०६०३ कपॅसिटरचा स्वतःचा इंडक्टन्स ०.५ ते ०.६ नॅनोहेन्री. व्हाया: १.६ मिमी उंची, ०.२५ मिमी त्रिज्या. गोल्डफार्ब आणि पुसेल यांच्या १९९१ च्या सूत्राने ०.४१ नॅनोहेन्री. एकूण जवळपास १.

८६६ ला १ नॅनोहेन्रीचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) ५.४४ ओहम. ६.२ पिकोफॅरडचा २९.६४ ओहम. दोन्ही सिरीजमध्ये, चिन्हं उलट. उरतात २४.२ ओहम. तेवढा रिअॅक्टन्स देणारा शुद्ध कपॅसिटर कोणता? ७.६ पिकोफॅरड!

म्हणजे लावला ६.२, सर्किटला दिसला ७.६. फ्रिक्वेन्सी खाली येते तसा हा परिणाम थोडा घटतो, म्हणून पुन्हा पुन्हा घालून सोडवावं लागतं. केलं तर केंद्र ८१२ च्या आसपास थांबतं. तुमचं मोजमाप ८१०. आणखी काय पुरावा हवा.

---

अहिल्या_आरएफ

बापरे. २ मेगाहर्ट्झच्या आत. व्हाया 'छोटीशी तार' म्हणून सोडून दिली होती. मग ५.१ लावू का?

---

राजवाडा_५०ओहम

घाई नको. लक्ष्य आहे परिणामी ६.२८ पिकोफॅरड, म्हणजे २९.३ ओहम. एकूण इंडक्टन्स १ असेल तर कपॅसिटर ५.३ हवा, आणि तो मानक किमतींत नाही. कोपऱ्याला दोन व्हाया लावून एकूण ०.८ वर आणला तर ५.४६ हवा, तोही नाही. ०.८ धरून ५.६ लावला तर केंद्र ८५७ ला, ५.१ लावला तर ८९० ला. दोन्हींत ५.६ बरा, पण त्याहून चांगली युक्ती आहे.

एका कोपऱ्यात दोन कपॅसिटर लावा, प्रत्येकाला स्वतःची व्हाया. इंडक्टन्स निम्मा, ०.५. आता हवेत ५.७४. ३.० आणि २.७ मिळून ५.७. दोन्ही मानक किमती, केंद्र ८६८ च्या आसपास.

अट एकच, दोन्ही व्हाया शेजारी चिकटवू नका. एकाच दिशेने वाहणाऱ्या दोन प्रवाहांचा परस्पर इंडक्टन्स असतो, म्हणून जवळ असतील तर निम्मा होत नाही. एक कपॅसिटर कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, दुसरा आतल्या अंगाला. मध्ये ३ मिमीची लाइन आहेच, अंतर आपोआप मिळतं.

---

ग्वाल्हेरचा_गॉस

व्हाया कुठे आहे हे ती किती जाड आहे यापेक्षा महत्त्वाचं. १.६ मिमी एफआर-४ वर १ मिमी रुंद पट्टी साधारण ८७ ओहमची, दर मिमी अर्धा नॅनोहेन्री. पॅडपासून व्हाया २ मिमी लांब ठेवली की अख्खा १ नॅनोहेन्री वाढला, म्हणजे सगळा हिशोब दुप्पट बिघडला. घरच्या बोर्डावर हे नेहमी होतं, कारण तारेभोवती सोल्डरला जागा हवी म्हणून माणूस भोक जरा लांब पाडतो.

करायचं असं: आधी भोक, मग कपॅसिटर. तार घालून वरच्या बाजूला बोर्डाच्या पातळीत कापायची, सोल्डरचा डोंगर ठेवायचा नाही. मग कपॅसिटरचं ग्राउंडचं टोक त्याच सोल्डरवर टेकवायचं. म्हणजे व्हाया पॅडच्या काठाला नाही, पॅडच्या खाली येते. कपॅसिटर बसवताना तार सुटू नये म्हणून खालच्या बाजूला तार १ मिमी बाहेर काढून वाकवून ठेवावी.

---

बडोदा_बॅलन

हे सगळं कशासाठी? कपॅसिटर फेका, त्याजागी ओपन स्टब (एक टोक मोकळं सोडलेला लाइनचा तुकडा, कपॅसिटरसारखा वागतो) काढा. एचिंगमध्येच होतो, सोल्डर नाही, व्हाया नाही. शोधनिबंधांत सगळे कॉम्पॅक्ट कपलर असेच असतात, चौकोनाच्या आतल्या रिकाम्या जागेत स्टब भरलेले.

---

जुना_वेव्हगाइड

मावतील का, मोजून पाहा. १.६ मिमी एफआर-४ वर प्लेटची कपॅसिटी दर चौरस मिमी ०.०२४ पिकोफॅरड. ६.२८ साठी सुमारे २५७ चौरस मिमी, म्हणजे १६ बाय १६. चार कोपरे धरून हजाराच्या वर. चौकोनाच्या आतली जागा २२ बाय २१, साडेचारशे. काठाच्या फ्रिंजिंगने थोडी मदत होईल, दुप्पट नाही होणार.

स्टब बसवायचा तर थीटा ६० अंश घ्यावा लागेल. मग कोपऱ्याला ४.४४ पिकोफॅरड, भुजा ३२ मिमीच्या आसपास, आतली जागा आठशे, लागते सव्वासातशे. कशीबशी बसेल, पण चार प्लेटा एकमेकींना इतक्या खेटतात की त्यांच्यातलं कपलिंग आयसोलेशन (चौथ्या पोर्टला पॉवर न जाणं) खाऊन टाकतं. आणि ३० मिमीत तर ते मावतच नाही.

०.८ मिमीची शीट घेतली तर कपॅसिटी दुप्पट, लाइनींची रुंदी निम्मी. तिथे स्टबचा विचार करता येतो. शोधनिबंधांतले बरेच नमुने पातळ शीटवर किंवा २ गिगाहर्ट्झच्या वर असतात, ते विसरू नये.

---

बडोदा_बॅलन

मान्य. मग ग्राउंडमध्ये खाचा? डिफेक्टेड ग्राउंड. डंबेलच्या आकाराची खाच लाइनखाली कोरली की इंडक्टन्स वाढतो, लाइन आखूड होते, कपॅसिटरशिवाय.

---

पोहे_जिरावण

भिया, डबी अॅल्युमिनियमची आहे ना? ग्राउंडला खाच पाडून बोर्ड धातूच्या तळावर टेकवला की खाच बुजली. तिला खाली काही मिमी हवा लागते. शिवाय खाचेतून थोडं रेडिएशन होतं, ते मागच्या बाजूच्या पॅचपर्यंत जाणार. अँटेनाच्या पाठीला चिकटणाऱ्या कपलरला ही पद्धत मुळीच नको.

आणि ते '७५ टक्के आकार घट' वगैरे आकडे वाचताना एवढंच लक्षात ठेवायचं की लांबी अर्धी झाली की क्षेत्रफळ आपोआप पाव होतं. वरचा ४५ अंशाचा कपलरही ७५ टक्के घटवाला आहे, कुठलीही नवी कल्पना न लढवता. १९९० मध्ये हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चिपसाठी मांडलं, तेव्हापासून पद्धत तीच.

---

सराफा_सिग्नल

नवखा प्रश्न. भुजा नागमोडी वळवून का नाही बसवायच्या? कपॅसिटर नकोत, व्हाया नकोत, लाइन फक्त दुमडायची.

---

ग्वाल्हेरचा_गॉस

बसवतात. पण शेजारच्या दोन वळणांत प्रवाह उलट दिशेने वाहतो, म्हणून त्यांचा परस्पर इंडक्टन्स वजा होतो आणि लाइन मोजलेल्या लांबीपेक्षा आखूड वागते. दोन पायांत उंचीच्या तिप्पट, म्हणजे १.६ च्या शीटला ४.८ मिमी, अंतर ठेवलं तर परिणाम थोडा. ३५ ओहमची लाइन ५.२ मिमी रुंद, त्यात ४.८ ची फट, अशी तीन वळणं ३० मिमीत कशी घालणार? रुंद लाइन दुमडायला सगळ्यात वाईट. पातळ शीटवर करा, तिथे सगळं प्रमाणात लहान होतं.

---

अहिल्या_आरएफ

ठरलं, कपॅसिटरच. दोन कपॅसिटर, दोन व्हाया. सिम्युलेशनमध्ये हे धरायचं कसं? क्यूक्स-एसमध्ये सिरीजला ०.५ नॅनोहेन्री जोडला की झालं का?

---

राजवाडा_५०ओहम

तेवढ्यानं नव्वद टक्के काम होतं. उरलेलं कोपऱ्यात आहे. तिथे ७०.७ ओहमची भुजा, ५० ची भुजा आणि पोर्टची लाइन एकत्र येतात. सर्किट सिम्युलेटर लांबी मध्यरेषेपासून धरतो, प्रवाह मात्र आतल्या कडेने वळतो. ३ मिमी रुंद लाइनीला हा फरक मिमीच्या आसपास, आणि ८६६ ला १ मिमी म्हणजे १.९ अंश. एकूण ४५ अंशांत हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

ओपनईएमएस (विद्युतचुंबकीय, म्हणजे ईएम, सिम्युलेटर) घ्या, फुकट आहे. एवढ्या बोर्डाला साधा लॅपटॉप पुरतो. जाळी (हिशोबासाठी बोर्डाच्या पाडलेल्या पेशी) लावताना लाइनच्या काठावर जाळीची रेघ ठेवू नका. काठाच्या दोन बाजूंना दोन रेघा घ्या, पेशीचा एक तृतीयांश भाग तांब्याच्या आत, दोन तृतीयांश बाहेर. काठाला प्रवाह एकवटतो, ठीक काठावर रेघ ठेवली की लाइन खऱ्यापेक्षा रुंद वागते आणि इम्पीडन्स चुकतो. जाडीच्या १.६ मिमीत किमान चार थर.

कपॅसिटर आणि व्हाया ईएममध्ये काढत बसू नका. कोपऱ्यात पोर्ट ठेवा, एस-पॅरामीटर (पोर्टांमधलं परावर्तन आणि पारेषण) फाइल काढा, कपॅसिटर नंतर सर्किट सिम्युलेटरमध्ये जोडा. मग किंमत बदलून पाहायला दर वेळी अर्धा तास थांबावं लागत नाही.

---

जुना_वेव्हगाइड

शीटचा स्थिरांक तरीही मोजा. फार फरक पडत नसला तरी, पॅच अँटेना त्याच शीटवर असेल तर तिथे तो पूर्ण पडतो.

वर्तुळाकार रेझोनेटर (लाइनची रिंग, ठराविक फ्रिक्वेन्सीला शिखर देते) काढा. मध्यरेषेची त्रिज्या ३०.२ मिमी, रुंदी ३.०५ मिमी. दोन्ही बाजूंनी ५० ओहमची लाइन आणायची, पण ती वर्तुळाला टेकवायची नाही, ०.५ ते १ मिमी फट. फट लहान केली की शिखर उंच दिसतं, पण खाली सरकतं, तेव्हा मोह आवरा. २० डीबीपेक्षा कमकुवत शिखर हवं.

परीघ १८९.७ मिमी. स्थिरांक ४.४ असेल तर शिखर ८६६ ला. ८८० ला आलं तर परिणामी स्थिरांक (शीट आणि वरची हवा मिळून) ३.२२ आणि शीटचा ४.२५. सरळ गणित: प्रकाशवेग भागिले परीघ भागिले फ्रिक्वेन्सी, त्याचा वर्ग हा परिणामी स्थिरांक. त्यातून ०.३१५ वजा करा, ०.६८५ ने भागा, शीटचा मिळेल. हे दोन आकडे याच रुंदी आणि जाडीला लागू, दुसरीकडे वापरू नका.

---

सराफा_सिग्नल

जेल रोडवर कपॅसिटर सुट्या पट्टीत मिळतात. वर काहीच छापलेलं नसतं. २.७ हा २.७ च आहे हे कसं ओळखायचं? एलसीआर मीटर चालेल?

---

पोहे_जिरावण

स्वस्त एलसीआर मीटर १०० किलोहर्ट्झला मोजतो. तिथे २.७ पिकोफॅरड म्हणजे चिमट्याची स्वतःची कपॅसिटी त्याहून जास्त. आणि इंडक्टन्स तर दिसणारच नाही.

नॅनो व्हीएनएने (फ्रिक्वेन्सीनुसार परावर्तन आणि पारेषण मोजणारं छोटं यंत्र) करा. एका एसएमए (आरएफ केबलच्या) कनेक्टरच्या मागे, मधल्या पिनपासून बॉडीपर्यंत कपॅसिटर थेट सोल्डर करायचा, तारा शून्य. कॅलिब्रेशन त्याच कनेक्टरच्या मागच्या टोकाला: उघडा, तांब्याच्या पट्टीने शॉर्ट, आणि १०० ओहमच्या दोन ०६०३ रेझिस्टरचा लोड. मग १०० आणि ८६६ मेगाहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींना रिअॅक्टन्स वाचा. १०० ला जवळपास शुद्ध कपॅसिटी मिळते, ८६६ ला ती किती 'फुगली' त्यावरून इंडक्टन्स काढता येतो.

पट्टीवर टॉलरन्स लिहिलेला असेल तर ±०.१ पिकोफॅरडवालेच घ्या. ±०.२५ वाला एक जरी पूर्ण चुकला तरी ५.७ मध्ये सुमारे ४.४ टक्के, म्हणजे केंद्र १५ मेगाहर्ट्झ इकडेतिकडे. आणि एक्स७आर (तापमानाने किंमत बदलणारा प्रकार) कोणी 'सेम ही है' म्हणून पुढे केला तर हात जोडा. छोट्या किमतीत सहसा सीओजीच असतो, पण विचारून घ्या.

---

बडोदा_बॅलन

मग सगळंच सुट्या भागांत का नको? लाइनी नकोतच. चार इंडक्टर, चार कपॅसिटर. ५० च्या जागी ९.२ नॅनोहेन्री, ३५ च्या जागी ६.५, कोपऱ्याला ८.९ पिकोफॅरड. नखाएवढा कपलर.

---

राजवाडा_५०ओहम

थीटा शून्याकडे नेला की हेच मिळतं, त्यामुळे प्रश्न तेच, अधिक टोकदार. बँडविड्थ आणखी अरुंद. इंडक्टर ९.१ मिळतो, ६.५ च्या जागी ६.२ किंवा ६.८, आणि मानक इंडक्टरचा टॉलरन्स ५ टक्के. ०६०३ तारेच्या इंडक्टरचा क्यू (जास्त तितका लॉस कमी) या फ्रिक्वेन्सीला साधारण ५०-६०, म्हणजे लॉस लाइनीपेक्षा जास्त.

एफआर-४ च्या नावाने बोटं मोडतात, पण ८६६ ला १०० मिमी लाइनीचा डायइलेक्ट्रिक लॉस ०.२६ डीबी. इथे २४ मिमीची भुजा, ०.०६. कपलरला एफआर-४ चालतो. फिल्टरला नाही. तिथे रेझोनेटरचा क्यू ५० च्या आसपास अडकतो. ५ टक्के बँडविड्थचा तीन रेझोनेटरचा ०.१ डीबी चेबिशेव्ह फिल्टर काढला तर मध्यावरच साडेपाच डीबी गेले. तिथे रॉजर्स ४००३सी (कमी लॉसची शीट) घ्या, टॅन डेल्टा (डायइलेक्ट्रिक लॉसचं माप) ०.००२७, विरुद्ध एफआर-४ चा ०.०२. कपलरसाठी मात्र रॉजर्सवर पैसे घालवणं मला पटत नाही.

तयार सिरॅमिक हायब्रिडही (असेच ३ डीबी कपलर) मिळतात, ८०० ते १००० मेगाहर्ट्झचे, सोल्डर केले की झालं. उत्पादन करायचं असेल तर तेच घ्या. धाग्याचा विषय डिझाइनचा आहे म्हणून गप्प होतो.

---

ग्वाल्हेरचा_गॉस

कपॅसिटरवाल्या रचनेचा एक फायदा कोणी सांगितला नाही. ६.२ पिकोफॅरड आणि १ नॅनोहेन्री २ गिगाहर्ट्झला रेझोनन्समध्ये येतात, म्हणजे तिथे चारही कोपरे ग्राउंडला शॉर्ट. रीडरचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) १७३२ ला. त्याच्याजवळच खड्डा मिळतो, फुकटात. इंडक्टन्स निम्मा केलात की हा खड्डा वर सरकतो, ३ गिगाहर्ट्झच्या बाजूला. म्हणून हार्मोनिकचीही काळजी असेल तर राजवाडा यांची दोन व्हायांची युक्ती न वापरता मुद्दाम एकच ठेवून ५.३ जुळवणं शहाणपणाचं.

---

राजवाडा_५०ओहम

+१. हे डोक्यात नव्हतं.

---

कॅटरोड_कोअॅक्स

थोडं अवांतर. याच गावात कॅटमधल्या (म्हणजे आताचं राजा रामण्णा केंद्र, पण रस्त्याला आणि तोंडात अजून कॅटच) इंडस-२ या कण-प्रवेगकाची आरएफ ५०५.८ मेगाहर्ट्झची आहे आणि तिथे सॉलिड-स्टेट अॅम्प्लिफायरची अनेक मॉड्यूल एकत्र जोडून पॉवर काढतात. तिथे असं आखूड करणं चालत नाही. कोपऱ्यातल्या कपॅसिटरमधून फिरणारा प्रवाह पॉवरसोबत वाढतो आणि कपॅसिटर तापतो. १ वॅटला प्रश्न नाही. ५० वॅटला ०६०३ वापरू नका.

---

अहिल्या_आरएफ

अपडेट. नवा बोर्ड: कोपऱ्याला ३.० आणि २.७, आत-बाहेर, व्हाया पॅडखाली. हार्मोनिकचा प्रश्न रीडरच्या आतल्या फिल्टरवर सोडला.

रिंगचं शिखर ८७७ ला, म्हणजे शीट ४.२८. ईएममधून भुजा ०.६ मिमी लांब केल्या.

केंद्र ८७१. ८६६ ला रिटर्न लॉस २२ डीबी, आयसोलेशन २४, विभागणी ३.२५ आणि ३.४५. फेज ८७.५ अंश येतोय. हे अडीच अंश कुठे गेले?

---

जुना_वेव्हगाइड

फेज मोजताना केबल हलवली का? दोन आउटपुट आळीपाळीने मोजायचे, तेव्हा व्हीएनएची केबल टेबलाला टेपने चिकटवा आणि बोर्ड फिरवा, केबल नाही. ज्या पोर्टवर मोजत नाही तिथे ५० ओहमचा लोड. एसएमए ८ मिमीच्या पान्याने दर वेळी सारखा आवळा. हाताने घट्ट केलेल्या एसएमएमध्ये एक-दोन अंश सहज लपतात. बोर्डावरच्या दोन आउटपुट लाइनी सारख्या लांबीच्या आहेत का तेही मोजा. १ मिमीला १.९ अंश, हे वर आलंच आहे.

आणि अडीच अंशांनी झोप उडवून घेऊ नका. दोन्ही फीड सारखे असताना १० अंशांची चूक झाली तरी अॅक्सिअल रेशो (पोलरायझेशन वर्तुळापासून किती ढळलं, ० डीबी उत्तम) दीड डीबी. तुमच्या अडीच अंशांचे ०.४ डीबी.

---

अहिल्या_आरएफ

केबलच होती. टेप लावल्यावर ८९.१. एका आउटपुटची लाइन ०.३ मिमी लांब निघाली, ते गर्बरमध्ये (बोर्डाच्या फाइलमध्ये) दुरुस्त केलं. आयसोलेशन पोर्टला १०० ओहमचे दोन ०६०३ समांतर लावलेत, ते ठीक ना?

---

पोहे_जिरावण

मोजायला ठीक, चालवायला नाही. दोन्ही फीडवरून सारखं परावर्तन आलं तर ते इनपुटला परत जात नाही, सगळं आयसोलेशन पोर्टला जातं. हायब्रिडचा गुणच तो. म्हणजे रीडर १ वॅट देत असताना कुणी पॅचच्या दोन्ही केबल काढल्या, की तो वॅट पूर्ण त्या रेझिस्टरांवर. ०६०३ दोन मिळून ०.२ वॅटचे. धूर निघणार, आणि रीडर मात्र 'मॅच उत्तम' दाखवत राहणार, म्हणून कळणारही नाही.

२५१२ साइझचे १०० ओहम, १ वॅटचे दोन समांतर लावा, ग्राउंडच्या टोकाला चार-पाच व्हाया. मोठ्या पॅडमुळे थोडी कपॅसिटी वाढते, ती व्हीएनएवर बघून पोर्टची लाइन जरा बारीक केली की रिटर्न लॉस २० च्या वर राहतो.

---

अहिल्या_आरएफ

२५१२ मागवले. पॅड ३.२ मिमी रुंद येतोय, लाइन २.६ करून बघते.